एक जूनचे भीमराज

"मॅडम, मशीन म्हणतंय हा माणूस वारला. आणि तो माझ्यासमोर उभा आहे. त्याला केसपेपर कसा देऊ?"

फोनवर मरोळच्या कामगार दवाखान्यातल्या कमल साळवे होत्या. मी नुकताच डबा उघडला होता, आणि माझा डबा उघडला की फोन वाजतो हा आमच्या ऑफिसचा रिवाजच होता. मी चिडूनच म्हणाले, "बाई, मशीन काही म्हणत नसतं. तुम्ही जे घालता ते दाखवतं. कुणीतरी भलत्याच नंबरावर 'मृत' टाकलं असणार."

"कुणीतरी नाही. मीच टाकलं," त्या म्हणाल्या. "माणूस खरोखर वारला होता. चौदा सप्टेंबरला, इथंच. तुम्ही एकदा येऊन जा."

मी पोळी-भाजी तशीच झाकली आणि रिक्षा पकडली. साल एकोणनव्वद, ऑक्टोबरचा पहिला आठवडा. अंधेरी पूर्वेला आमची सात माणसांची कॉम्प्युटर कंपनी होती आणि हा दवाखाना माझं पहिलं स्वतंत्र काम होतं. औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांच्या वर्गणीवर चालणारी ती संस्था. चार हजारांवर पुठ्ठ्याची कार्डं लाकडी खणांमध्ये कोंबलेली असत. कार्ड सापडेपर्यंत माणसाचा ताप उतरतो, असं तिथे गमतीने म्हणत. ती सगळी कार्डं कॉम्प्युटरवर आणायचं काम माझ्याकडे आलं.

मी शिस्तीची बाई. अजूनही आहे, पण तेव्हा मला त्याचा गर्व होता. एसक्यूएल, म्हणजे नोंदींची टेबलं बनवायची कॉम्प्युटरची भाषा, आमच्याकडे नवीन होतं आणि मी त्याच्या प्रेमात पडले होते ते त्यातल्या अटींमुळे. टेबल बनवतानाच सांगून ठेवायचं: हा रकाना रिकामा चालणार नाही, या रकान्यात 'पु' किंवा 'स्त्री' यापलीकडे काही चालणार नाही, हे दुसऱ्यांदा चालणार नाही. इंग्रजीत याला कन्स्ट्रेंट म्हणतात. एकदा ती ओळ लिहिली की मोठा साहेब येवो नाहीतर मंत्री, चुकीची नोंद आत जात नाही. लाकडी खण उपसून चुकीची कार्डं शोधणाऱ्या माणसांची मला कीव यायची. माझ्या टेबलात चूक शिरणारच नव्हती.

एकाच माणसाची तीन-तीन कार्डं असतात, अशी दवाखान्याची मुख्य तक्रार होती. माणूस कार्ड हरवतो आणि नवीन काढतो. म्हणून मी अट घातली: नाव, आडनाव आणि जन्मतारीख, तिन्ही मिळून युनिक. तिन्ही जुळली तर तो एकच माणूस, दुसरी नोंद घ्यायची नाही. मधलं नाव बहुतेक कार्डांवर नव्हतंच, म्हणून ते सोडून दिलं. जन्मतारीख रिकामी ठेवायची नाही, हीसुद्धा अट घातली. मला वाटलं, जन्मतारखेइतकं माणसाचं स्वतःचं दुसरं काय असतं?

दवाखान्यात पोचले तेव्हा रांग ओसरली होती. कमलबाई खिडकीमागे होत्या. चाळिशीच्या पुढच्या, पांढरी सुती साडी, केसांचा घट्ट अंबाडा. खिडकीबाहेर एक उंच, करड्या मिशीचा माणूस हाताची घडी घालून उभा होता. अंगात कारखान्याचा निळा शर्ट. मला बघून म्हणाला, "मीच तो मेलेला. भीमराज कांबळे. बी.पी.च्या गोळ्या न्यायला आलोय, तेवढ्यापुरतं जिवंत करा."

कुणी हसलं नाही. तोही हसत नव्हता.

मी टर्मिनलवर बसले. नंबर २३०७, भीमराज कांबळे, जन्म एक जून एकोणीसशे सेहेचाळीस, मृत. म्हटलं, हा दुसरा कुणी असेल तर याची नवी नोंद करू. नाव घातलं, आडनाव घातलं. तारीख विचारली. "एक जून सेहेचाळीस," तो म्हणाला. घातली. मशीनने नाकारली. अशी नोंद आधीच आहे, असा संदेश खाली उमटला. ती अट माझीच होती आणि ती चोख काम करत होती.

"मी तुम्हाला मे महिन्यात विचारलं होतं," कमलबाई हळू आवाजात म्हणाल्या. "एक जूनचं काय करायचं?"

विचारलं होतं खरं. मला चांगलं आठवत होतं. मी घाईत होते, टायपिस्ट खोळंबले होते आणि ही बाई मला तारखा समजावायला आली होती. मी म्हणाले होते, "एक जून असो की दोन जून, मशीनला सगळ्या तारखा सारख्याच." तेव्हा त्यांनी मला जुन्या कार्डाचा कोपराही दाखवला होता. तिथे त्या पेन्सिलीने बारीक अक्षरात काहीबाही लिहून ठेवत: 'गाव वडूज, भुवईवर व्रण', 'पाटण, भाऊ बेस्टमध्ये'. मी म्हटलं, "हे पेन्सिलीचं नको हं आता. यातलं काही आम्ही घेणार नाही."

"काय असतं एक जूनला?" मी आता विचारलं.

उत्तर भीमराजने दिलं. "शाळा असती. दुसरं काय? पोराला शाळेत घालायला नेलं की मास्तर इचारणार, जन्म कधीचा? आईला एवढंच ठाऊक, सुगीत झाला का शिमग्यात. मग मास्तर वय बसंल असं साल धरायचा आन एक जून टाकायचा. आमच्या वर्गात अठ्ठावीस पोरं. सव्वीसांचा वाढदिवस एक जून."

"आणि तो वारलेला?"

"माझा चुलतभाऊ. आमच्या वस्तीत त्या साली दोन पोरं झाली, दोघांचंबी नाव भीमराज ठेवलं. कुणी आपलं नाव सोडायला तयार नव्हतं. तो थोरला, मी धाकला. एका दिवशी, एकाच मास्तरानं दोघांना शाळेत घातलं. एक जून सेहेचाळीस. कामालाबी संगंच लागलो. त्यो पॉवर प्रेसवर, मी वेल्डिंगला."

मी २३०७ चा पुढचा भाग उघडला. जुन्या कार्डावरून टाईप केलेल्या नोंदी होत्या आणि त्यांच्याखाली नंतरची एक. मार्च: पायाला खिळा, पेनिसिलीन इंजेक्शन, दोन वेळा, त्रास नाही. सप्टेंबर: हाताला जखम, पू, पेनिसिलीन इंजेक्शन. त्यानंतर 'मृत'.

"मार्चमध्ये खिळा कुणाला लागला होता?" मी विचारलं. उत्तर मला कळलं होतं, तरी विचारलं.

"मला," धाकला भीमराज म्हणाला.

कमलबाई खाली वाकल्या. काउंटरखालून त्यांनी सुतळीने बांधलेला एक गठ्ठा काढला आणि माझ्यासमोर ठेवला. वर आमच्या कंपनीची चिठ्ठी होती: डुप्लिकेट कार्डे, नग त्रेसष्ट, फाडून टाकावीत. खाली माझी सही. कार्डं भरताना जी माझ्या अटीत अडकली, ती ही त्रेसष्ट.

"मी फाडली नाहीत," त्या म्हणाल्या. "माणसांची कार्डं आहेत, हात होईना."

त्यांनी मधलं एक कार्ड बरोबर काढलं. नंबर १११४. भीमराज कांबळे, एक जून सेहेचाळीस. कोपऱ्यात पेन्सिलीने: 'वडगाव, थोरला, डाव्या अंगठ्याचं पेर नाही'. आणि मधोमध, डॉक्टरच्या हातच्या लाल शाईत, दोनदा अधोरेखित: पेनिसिलीन देऊ नये. अंगाला सूज, श्वास कोंडला होता.

माझ्या टेबलात यासाठी रकाना होता. 'विशेष सूचना'. मीच ठेवला होता. हे कार्ड आत गेलं असतं तर लाल अक्षरांतला मजकूर प्रत्येक केसपेपरवर पहिल्या ओळीत छापला गेला असता. पण खण हाती येईल तसे भरताना २३०७ आधी आत गेलं आणि हे कार्ड गेलंच नाही.

"त्या दिवशी थोरल्यांनी जुना नंबर सांगितला होता, अकराशे चौदा," कमलबाई सांगू लागल्या. आवाज अगदी सपाट होता. "मशीनवर नव्हता. नावाने शोधलं तर तेवीसशे सात आला. तोच लिहून दिला." त्यांनी भिंतीकडे बोट केलं. तिथे माझ्याच सहीचा कागद चिकटवलेला होता: मशीन दाखवेल तोच नंबर लिहावा, हाताने नंबर घालू नये. "आत शुभा सिस्टर होत्या. त्यांनी नंतर रडत रडत मला सांगितलं. सुई भरताना ते म्हणाले, मला ही सुई सोसत नाही, मागे एकदा जीव जायची वेळ आली होती. सिस्टरने पेपर बघितला. म्हणाली, अहो, मार्चमध्ये दोनदा घेतलीय की, काही झालं नाही तुम्हाला. त्यांना ताप होता. थोडा वेळ विचार केला आणि म्हणाले, असंल मग."

"असंल मग," धाकला भीमराज स्वतःशीच म्हणाला आणि बाकावर बसला.

दहा मिनिटांत सगळं संपलं होतं. मृत्यूच्या दाखल्यावर हृदयक्रिया बंद पडल्याचं लिहिलं होतं.

"गठ्ठा इथंच होता, मॅडम. माझ्या पायाशी," कमलबाई म्हणाल्या. "दीडशे माणसं रांगेत होती. मी वाकले नाही." त्यांचे डोळे कोरडे होते. मला त्यांच्याकडे बघवेना.

सुपरिंटेंडेंट साहेबांना सांगावं लागलंच. ते म्हातारे, सज्जन वाटणारे गृहस्थ होते. सगळं ऐकून त्यांनी आधी दार लावून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे खिडकीवरच्या बाईने चुकीचा नंबर दिला."

"मशीनने दाखवला तो दिला."

"मशीनमध्ये काही बिघाड आहे का?"

"बिघाड नाही."

"मग झालं तर." त्यांनी पॅड ओढलं. "बाईंना मेमो देतो. कामात हलगर्जीपणा. कार्डं फाडायचा लेखी हुकूम असून लपवून ठेवली, हे आणखी एक. तुम्ही मला फक्त एक पत्र द्या, की सिस्टीम नियमाप्रमाणे चालत होती. खोटं काहीच नाही त्यात. विश्वस्तांनी हौसेने घेतलंय हे मशीन, नारळ फोडून. वर्षभरात त्याच्यावर बोट उठलं तर तुमच्या कंपनीलाही बरं दिसणार नाही. सोमवारपर्यंत द्या."

खरंच, खोटं काहीच नव्हतं त्यात. सिस्टीम नियमाप्रमाणेच चालली होती. ते पत्र लिहिलं की कमलबाईंची सतरा वर्षांची नोकरी जाणार होती, आणि भीमराज कसा गेला हे कायमचं एका कारकून बाईच्या नावावर चढणार होतं. नाही लिहिलं तर माझ्या. मी मान डोलावून बाहेर पडले. 'नाही' म्हणायची हिंमत त्या खोलीत मला झाली नाही, हेही सांगून टाकते.

ऑफिसला जाऊन मी खण उघडला. नाकारलेल्या नोंदींची यादी छापून माझ्याकडे आली होती, बाजूला भोकं असलेल्या त्या रुंद कागदावर. जूनमध्ये मी तिच्यावर 'डुप्लिकेट, तपासले' असं लिहून सही केली होती. तपासलं काहीच नव्हतं. माझी अट चुकेल हे माझ्या मनातच आलं नव्हतं. आता बोट ठेवून वाचलं. त्रेसष्टांतल्या एकोणसाठ तारखा एक जून. पानभर तीच तारीख एकाखाली एक. नुसती नजर टाकली असती तरी दिसलं असतं.

संध्याकाळी नाहूरला घरी गेले तर बाबा पेपर वाचत होते. त्यांची गिरणी संपात बंद पडली तेव्हापासून पेपर ते दोनदा वाचत. मी कपाटातली कागदांची पिशवी काढली आणि त्यांचा शाळा सोडल्याचा दाखला शोधला. दर वर्षी त्यांचे फॉर्म मीच भरत असे. तो आकडा मी किती वेळा लिहिला असेल, देव जाणे. काशीराम धाकू गावकर, एक जून एकोणीसशे एकोणतीस.

"बाबा, तुमचा जन्म खरंच एक जूनचा?"

"खुळी काय तू?" ते पेपरातून वर न बघता म्हणाले. "मास्तरान लिवल्यान. माझ्या आवशीक तरी खंय म्हायत होता? लावणीचे दिवस होते, एवढाच सांगी." मग चष्म्यावरून बघत म्हणाले, "आज कित्याक विचारतंस?"

घरात, माझ्याच अक्षरात ती तारीख पडून होती, आणि मी एका बाईला सांगून आले होते की मशीनला सगळ्या तारखा सारख्याच. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

सोमवारी मी पत्र दिलं. दोन पानं, मराठीत, कुणालाही वाचता येईल असं. नाव, आडनाव आणि जन्मतारीख युनिक धरण्याची अट मी घातली. ती चूक होती. खिडकीवरच्या बाईंनी मला आधी सावध केलं होतं, मी ऐकलं नाही. नाकारलेली यादी मी न वाचता सही केली. खिडकीवरचा हुकूम माझा आहे आणि त्यांनी तोच पाळला. १११४ नंबरचं कार्ड मी फाडायला सांगितलं होतं, ते कमल साळवे यांनी जपलं म्हणून हे सगळं कळलं. पत्राची एक प्रत मी धाकल्या भीमराजला दिली, थोरल्याच्या घरी पोचवायला.

त्याने ती माझ्यासमोरच उभ्याने वाचली. मग घडी करून खिशात ठेवली. "वहिनीला वाचून दाखवीन," एवढंच म्हणाला. माफीचं काही बोलला नाही, आणि मी मागितलीही नाही. ती कुठल्या तोंडाने मागणार?

मेमो परत घेतला गेला. विश्वस्तांची बैठक झाली, आमच्या मालकांना बोलावणं आलं आणि परत आल्यावर ते माझ्याशी आठ दिवस बोलले नाहीत. दवाखान्याचं पुढचं काम दुसऱ्याला द्यायचं ठरलं. मी म्हटलं, द्या, पण टेबल मला एकदा परत बनवू द्या. त्यांनी नुसता हात झटकला. मी होकार धरला.

दोन दिवस दुपारी मी खिडकीमागे कमलताईंच्या शेजारी स्टुलावर बसले आणि त्या सांगतील ते लिहून घेतलं. नवीन टेबलात युनिक फक्त नंबर ठेवला. जन्मतारीख माहीत नसेल तर रिकामी चालेल. 'विशेष सूचना' होतीच, तिच्यासाठी रोग्याला तोंडी विचारल्याची खूण सक्तीची केली. आणि एक नवा रकाना घातला, 'ओळख'. त्या पेन्सिलीने कोपऱ्यात लिहायच्या ते आता तिथे. तो रिकामा चालणार नाही, ही अट मी ठेवली.

"ही अट मात्र बरी," कमलताई म्हणाल्या. त्या पहिल्यांदाच माझ्याशी जरा सैल बोलल्या. मग उठून त्यांनी भिंतीवरचा माझ्या सहीचा कागद सोलून काढला, नखाने, कोपरे न फाडता, आणि घडी करून मला दिला. तो अजून माझ्याकडे आहे.

त्रेसष्ट कार्डं भरायची होती. मी म्हटलं, मी स्वतः भरते. धाकला भीमराज गोळ्यांसाठी आला तेव्हा अकराशे चौदाचीच पाळी होती. कमलताई हळूच म्हणाल्या, "वारलेल्या माणसाचं आता कशाला, असं साहेब म्हणत होते."

"भरायचं," मी म्हटलं.

भीमराज खिडकीशी वाकून बघत होता. मी नाव घातलं, मधलं नाव त्याला विचारलं. "शिवदास," तो म्हणाला. तारखेवर थांबले. "ती सोडा रिकामी," तो म्हणाला. "पण त्यो माझ्यापेक्षा तीन महिन्यांनी मोठा होता, हे कुठंतरी लिवा." ते मी ओळखीच्या रकान्यात लिहिलं: वडगाव, थोरला, धाकल्या भीमराजपेक्षा तीन महिन्यांनी मोठा, डाव्या अंगठ्याचं पेर नाही. मग विशेष सूचना. लाल शाईतला मजकूर बघून जसाच्या तसा टाईप केला. सप्टेंबरची नोंद तेवीसशे सातवरून काढून इकडे आणली, आणि तिच्याबरोबर 'मृत'.

मशीनने नोंद घेतली. एक ओळ जमा झाली, असं खाली उमटलं. काहीच अडलं नाही.

छापलेला कागद मी फाडून हातात घेतला आणि त्याला ऐकू जाईल असं वाचलं. "अकराशे चौदा. भीमराज शिवदास कांबळे. पेनिसिलीन देऊ नये. अंगाला सूज, श्वास कोंडला होता."

तो खिडकीचा गज धरून ऐकत होता.

"हेच तो सांगत होता," तो म्हणाला.